चाळीस टक्के होण्याची वाट

पहिल्या सत्रात ती चौथ्या बाकावर बसायची. दिवाळीनंतर दुसऱ्या बाकावर आली आणि होळीच्या सुमारास पहिल्या बाकाच्या टोकाला, फळ्याच्या अगदी पुढ्यात. मी नागपुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मुलं पुढे सरकू लागली की अभ्यासाला लागली असं आम्हा शिक्षकांना वाटतं. तिच्याबद्दल मलाही तसंच वाटलं होतं. एका दुपारी तास संपल्यावर ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, फळा दिसते, पण अक्षरं एकमेकांत घुसते. तुमच्या नोट्स देता का फोटो काढाले?"

उमरेडकडची मुलगी. बारावीपर्यंत गावाजवळच शिकली, पुढे नागपुरात खोली घेऊन राहिली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घरच्यांनी दोनदा चष्मा बदलला. शेवटी पडद्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आनुवंशिक आजार आहे, स्टारगार्ट नावाचा. चष्म्याने तो सुधारत नाही. नजरेच्या मध्यावर धूसर डाग पडतो आणि तो हळूहळू वाढत जातो. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. वाचायला आणि चेहरे ओळखायला लागतं ते नेमकं मधलं.

यानंतरची तिची तीन वर्षं मी जवळून पाहिली. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. ज्याची दृष्टी कमी होत चालली आहे, त्या विद्यार्थ्याला मदतीची खरी गरज दृष्टी जाण्याच्या आधीच्या वर्षांत असते. आमची कॉलेजं मात्र नजर ठराविक आकड्याच्या खाली जाईपर्यंत थांबतात. ही वाट पाहणं कायद्याने सांगितलेलं नाही. आम्ही ते सवयीने करतो आणि त्यात मुलांची उमेदीची वर्षं जातात.

आकडा सगळ्यांना माहीत आहे: चाळीस. दिव्यांगत्व चाळीस टक्के असेल तर सवलत, एकोणचाळीस असेल तर नाही.

तिची तपासणी झाली तेव्हा चांगल्या डोळ्याची नजर सहा-अठरा होती आणि दुसऱ्याची सहा-साठ. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून वाचता येणारं अक्षर सहा मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही, असा सहा-साठचा अर्थ. टक्केवारी काढताना चांगल्या डोळ्याला जास्त वजन असतं, त्यामुळे तिचा आकडा चाळीसच्या बराच खाली आला. वडील रोजमजुरी बुडवून तीनदा नागपूरला आले होते. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने, अगदी प्रेमाने, सांगितलं, "बाळ, चाळीस झाले की ये." त्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं. पण वीस वर्षांच्या मुलीने हे वाक्य घरी घेऊन जायचं म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. तुझे डोळे आणखी जाऊ देत, मग बघू, असंच ते वाक्य तिला सांगत होतं.

डॉक्टर तपासतात ती अक्षरांची पाटी एकच गोष्ट मोजते. नीट उजेड असलेल्या खोलीत, पांढऱ्यावर काळं, सुटं सुटं अक्षर किती अंतरावरून ओळखता येतं, एवढंच. सलग तीन तास छापील मजकूर वाचताना काय होतं, ओळ कुठे हरवते, डोकं कधी ठणकू लागतं, राखाडी कागदावरची पुसट झेरॉक्स दिसते का, हे त्या पाटीला कळत नाही. माझी ही विद्यार्थिनी अर्ध्या पानाच्या प्रश्नपत्रिकेला वीस-पंचवीस मिनिटं घ्यायची. एक अक्षर दिसे, पुढचं डागात जाई, मान तिरकी करून ती ते पुन्हा शोधी. उत्तर तिला येत असे. प्रश्नापर्यंत पोहोचण्यातच वेळ जात असे.

त्यात तिच्यावर विश्वास बसत नसे. कडेची नजर शाबूत असल्यामुळे ती व्हरांड्यातून सरळ चालत यायची, जिने उतरायची, मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसायची. "चालते तर बरोबर, मग वाचता कसं येत नाही?" हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये माझ्या कानांनी ऐकला आहे. उलट बाजूचं उदाहरणही आमच्याकडे होतं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा झालेला एक मुलगा वर्तमानपत्रातला बारीक टाइप वाचायचा आणि दारातल्या खुर्चीला अडखळायचा. त्या आजारात कडेची नजर आधी जाते, रातांधळेपणा येतो, आणि दिसणं नळीतून पाहिल्यासारखं होत जातं. त्यालाही लोक म्हणायचे, पेपर तर वाचतो! दिसणं म्हणजे एक तर पूर्ण, नाही तर काहीच नाही, अशी आपली समजूत आहे. डोळस आणि आंधळा यांच्या मध्ये केवढा मोठा प्रदेश पसरला आहे, आणि तिथे राहणारी माणसं आपल्याच वर्गात बसलेली असतात.

आता कायद्याकडे येते. चाळीसच्या आकड्याने इतका गोंधळ घातला आहे की कायद्यात तो नेमका कशासाठी आहे हे नीट पाहायला हवं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यात अंधत्व वेगळं आहे आणि अल्पदृष्टी वेगळी. या कायद्यात दोन व्याख्या शेजारी शेजारी आहेत. एक 'दिव्यांग व्यक्ती'ची: दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची अशी कमतरता, जी समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही. या व्याख्येत टक्केवारी कुठेही नाही. दुसरी व्याख्या 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ची, आणि चाळीस टक्के त्यात आहेत.

दुसरी व्याख्या कुठे वापरायची हेही कायदा सांगतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधल्या किमान पाच टक्के जागांसाठी. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी. जागा मोजक्या आहेत, कोणाला द्यायच्या ते ठरवायला रेघ लागते, म्हणून तिथे आकडा आहे. ते मला मान्य आहे. पण शिक्षण देताना काय करायचं हे सांगणाऱ्या कलम १६ आणि १७ मध्ये शब्द आहेत ते 'दिव्यांग विद्यार्थी' असे. प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करा, परीक्षेच्या पद्धतीत योग्य बदल करा, जादा वेळ द्या, सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा लेखनिक द्या, असं तिथे म्हटलं आहे. चाळीसची अट तिथे नाही. मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका ही मोजकी जागा नव्हे. ती एकीला दिली म्हणून दुसरीची कमी होत नाही.

हे माझं एकटीचं वाचन नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा त्रास असलेले हे डॉक्टर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागत होते. लक्षणीय दिव्यांगत्व नाही म्हणून तो नाकारला गेला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय चाळीस टक्केवाल्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीच्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या प्रकरणातही न्यायालयाने वाजवी सोयीचा हक्क पुन्हा अधोरेखित केला. मग १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांच्या लेखी परीक्षांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

यात एक फट राहिली आणि आमच्या या मुलीसारखे विद्यार्थी नेमके तिच्यात पडले. २०२२ ची तत्त्वं 'लिहिण्यात अडचण' असलेल्यांसाठी होती. हिच्या हाताला काहीच झालेलं नाही. तिचं अक्षर मोठं आहे, ओळी वाकड्या जातात, पण ती लिहू शकते. अडचण वाचण्यात आहे. समोरचा कारकून म्हणायचा, लिहिता येतं ना, मग तुम्ही यात बसत नाही. आणि चाळीसमध्येही बसत नाही. दोन खिडक्यांच्या मध्ये उभं राहिलेलं हे मूल कलम १६ आणि १७ मध्ये मात्र पूर्णपणे बसतं. पण आपल्याकडे मूळ कायदा वाचण्यापेक्षा परिपत्रक वाचण्याची रीत आहे, आणि परिपत्रकात जे नाही ते अस्तित्वातच नाही असं धरलं जातं.

तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं असंही नाही. चाळीसच्या खालच्यांनाही प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं, फक्त पट्टीचा रंग वेगळा: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशी पिवळा, त्यावर निळा. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एक ओळ आहे. स्थिती वाढत जाणारी आहे, स्थिर आहे, की सुधारण्याची शक्यता आहे, यावर डॉक्टरांनी खूण करायची. तिच्या कागदावर 'वाढत जाणारी' याच्यावर खूण होती. म्हणजे सरकारनेच आम्हाला लेखी कळवलं होतं की या मुलीला पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा कमी दिसेल. आमच्या परीक्षा विभागाने तो कागद पाहिला, वरचा आकडा वाचला आणि परत दिला. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, परीक्षा आम्हीच घेतो, नियम आम्हीच करतो. त्यामुळे हा दोष विद्यापीठावर ढकलायची सोयही मला नाही. आणि त्या दिवशी मी परीक्षा विभागात जाऊन भांडायला हवं होतं, ते केलं नाही. 'नियम असेल' असं समजून गप्प बसले. एक अख्खं सत्र तिने तसंच काढलं.

वाढत जाणाऱ्या आजारांचा विचार दुसरीकडे कायद्यातच झाला आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात म्हटलं आहे की आजार वाढत जाणारा असेल, त्याचा आज थोडा परिणाम होत असेल आणि पुढे तो मोठा होण्याची शक्यता असेल, तर त्या व्यक्तीला आजपासूनच कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या कायद्यात इतकं स्पष्ट वाक्य नाही. तरी डॉक्टरांनी केलेल्या त्या एका खुणेला अर्थ द्यायचं ठरवलं तर आपल्यालाही तिथपर्यंत पोहोचता येतं, आणि त्यासाठी दिल्लीहून काही यायची गरज नाही.

लवकर सुरुवात करण्यावर माझा इतका भर का, ते एका गोष्टीवरून सांगते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिची नजर आणखी उतरली, आकडा एकदाचा चाळीसवर गेला आणि कॉलेजने तातडीने लेखनिक मंजूर केला. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न सुटला. त्या उन्हाळी परीक्षेत तिला आधीच्यापेक्षा कमी गुण पडले.

पंधरा वर्षं स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला उत्तर तोंडाने सांगता येतंच असं नाही. लिहिताना आपण वरची ओळ पाहतो, खोडतो, मुद्दा पुढे-मागे करतो. सांगताना ते सगळं डोक्यात धरावं लागतं. हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याला सराव लागतो. शिवाय लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं असा तेव्हा संकेत होता. म्हणजे बी.ए.च्या मुलीला अकरावी-बारावीचं मूल शोधायचं, तेही एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा ज्याची त्याची प्रवेश परीक्षा किंवा सुटी असते. तिला मिळालेला मुलगा विज्ञान शाखेचा होता, मनाने फार चांगला, पण 'मागणीची लवचिकता' हे शब्द त्याने आयुष्यात प्रथम ऐकले होते. मागणी वक्र काढायला सांगताना ती म्हणायची, डावीकडून उजवीकडे उतरता, आणि तो विचारायचा, किती उतरता? पारा पंचेचाळीसला टेकलेला, उन्हासाठी खिडक्यांना पडदे, त्यामुळे खोलीत अंधार, आणि कूलरचा असा घरघराट की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. नागपुरात ज्याने मे महिन्यात पेपर दिला आहे त्याला ती खोली डोळ्यांपुढे येईल. तिने सांगितलेली दोन उत्तरं वेळेत उतरलीच नाहीत.

पहिल्या वर्षीच तिला सोय मिळाली असती तर? तेव्हा तिला लेखनिक नकोच होता. चोवीस पॉइंटमध्ये छापलेली प्रश्नपत्रिका, तासाला वीस मिनिटं जादा, बाकावर एक टेबल लॅम्प आणि ठळक रेघांची उत्तरपत्रिका, एवढ्यात तिचं भागलं असतं. आणि त्याच दोन वर्षांत, जेव्हा संगणकाच्या पडद्यावरचं थोडंफार दिसत होतं, तिला संगणकावर न पाहता टाइप करायला आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरायला शिकता आलं असतं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठी वाचतो. पण तो हाताखाली यायला महिने जातात. कान त्या आवाजाच्या वेगाला सरावावे लागतात, माऊस सोडून कळफलकावर जगायला शिकावं लागतं. थोडं दिसत असताना हे शिकणं आणि काहीच दिसेनासं झाल्यावर, ऐन परीक्षेच्या तोंडावर, घाबरलेल्या मनाने शिकणं, यात फार अंतर आहे. डोळ्यांवर लागलेली वाळवी आम्ही थांबवू शकत नाही. पण ती किती वेगाने येते आहे हे ठाऊक असताना दुसरं घर बांधायला लागू न देणं, हे आम्ही केलं.

स्क्रीन रीडरवरून एक मराठीपुरतं दुखणं सांगायलाच हवं, कारण याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आमच्या बहुतेक नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, संदर्भ पुस्तिका कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'मराठी' असं दिसतं, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र आत साठवलेलं वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानी अर्थहीन अक्षरांची माळ येते. मी तिला मोठ्या आनंदाने दोनशे पानांच्या नोट्सची पीडीएफ पाठवली होती. ती तिच्यासाठी कोऱ्या पानांसारखी होती, आणि मला वाईट वाटेल म्हणून तिने महिनाभर सांगितलं नाही. आता मी युनिकोडमध्येच लिहिते, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवली जातात. जुन्या नोट्स बदलायला रूपांतर करणारी साधनं आहेत, जोडाक्षरं थोडी बिघडतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात. एका विषयाला मला तीन आठवडे लागले. प्रत्येक विभागाने एका उन्हाळ्यात एक विषय घेतला तर काही वर्षांत पूर्ण बी.ए. ऐकता येईल.

पुस्तकांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्व हक्क कायदा दिव्यांगांसाठी सुलभ रूपातली प्रत काढायला मुभा देतो. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. तरीही कॉलेजच्या ग्रंथालयात 'पुस्तक स्कॅन करून द्या' म्हटलं की 'कॉपीराइट आहे' असं उत्तर येतं. हे उत्तर चुकीचं आहे, हे ग्रंथपालांना कोणीतरी सांगायला हवं.

आता आक्षेप. सगळ्यात गंभीर आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर दिव्यांगत्वाच्या दाखल्यांकडेच संशयाने पाहिलं जाऊ लागलं. टक्केवारीची अट सैल केली तर कोणीही उठून सवलत मागेल, असं सहकारी म्हणतात. पण आरोप झाले ते कशासाठीच्या दाखल्यांवर? जागेसाठी, नोकरीसाठी. तिथली रेघ हलवा असं मी म्हणतच नाही. मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका मिळावी म्हणून कोणी खोटा आंधळा होत नाही. ज्याला नीट दिसतं त्याला ती पानं उलटायचा त्रासच होईल. लॅम्प, पुढचा बाक, युनिकोडमधल्या नोट्स यांचंही तसंच. राहतो तो जादा वेळ. त्याचा मोह होऊ शकतो, हे कबूल. तिथे नेत्रतज्ज्ञाचा अहवाल मागा, कॉलेजात एक परिच्छेद वाचायला देऊन लागलेला वेळ मोजा. ते चाळीसच्या आकड्यापेक्षा अधिक खरं मोजमाप होईल, कारण परीक्षेत अडतं तेच आपण मोजत असू.

खर्चाचा आक्षेप मला समजत नाही. प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात छापायला किती कागद लागतो? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही वातावरणाचा स्वतंत्र निकष आहे. उतार, लिफ्ट, खुणांच्या पाट्या, लेखनिक, वाचन साहित्याच्या सॉफ्ट कॉपी, स्क्रीन रीडर, हे सगळं त्यात विचारतात. अहवालात उताराचा फोटो जातो. उतार हवाच, पण माझ्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग नव्हता.

एक गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण तिचं वजन मला सगळ्यात जास्त वाटतं. मुलं लपवतात. तिच्या आईने मला पहिल्याच भेटीत विनवलं होतं, "मॅडम, कॉलेजात जास्त कोणाले सांगू नका. उद्या पोरीचं लग्न जमवायचं आहे." आजार आनुवंशिक म्हटल्यावर धाकट्या बहिणीच्या स्थळांचीही काळजी. या आईला मागास म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या समाजात ती मुलीला घेऊन राहते तो तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा घरातल्या मुलीला आपण म्हणतो की आधी सर्वांदेखत दिव्यांग हा शिक्का मारून घे, मग मदत देतो. ती शिक्का नाकारते आणि मदतही जाते. त्यामुळे काही सोयी कोणतीही चौकशी न करता, कोणालाही, मागितल्याबरोबर मिळाल्या पाहिजेत. सगळ्यांच्याच प्रश्नपत्रिका चौदा पॉइंटमध्ये छापा. सगळ्यांनाच नोट्स युनिकोडमध्ये द्या. फळ्यावर लिहिताना मोठ्याने उच्चारा. मग तिला वेगळं काही मागावंच लागणार नाही आणि कोणाला काही सांगावंही लागणार नाही.

विदर्भात राहून सिकलसेलचा उल्लेख न करणं बरोबर होणार नाही. इथल्या अनेक घरांत हा आजार आहे आणि २१ प्रकारांच्या यादीत तोही आहे. सिकलसेलचा विद्यार्थी महिनाभर ठणठणीत असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वेदनेने तळमळत दवाखान्यात पोहोचतो. त्याचंही दिव्यांगत्व एका आकड्यात स्थिर बसत नाही. वाढत जाणारं आणि कमी-जास्त होणारं, अशी दोन्ही प्रकारची दुखणी घेऊन गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून मुलं नागपुरात शिकायला येतात. खोल्या करून राहतात, सीताबर्डीहून सिटी बस पकडतात. बसवरचा नंबर वाचता येत नाही म्हणून कंडक्टरला विचारतात आणि कधीकधी ओरडा खातात. त्यांना आमच्या कार्यालयात तरी पुन्हा पुन्हा तेच सिद्ध करावं लागू नये.

आमच्याकडे अजूनही दर सत्राला सवलतीचा अर्ज नव्याने करावा लागतो. त्याच प्रती, तेच साक्षांकन, त्याच सह्या. तीन वर्षांत सहा वेळा, चौथं वर्ष केलं तर आठ वेळा. ज्या आजारावर डॉक्टरांनी 'वाढत जाणारा' अशी खूण केली आहे तो दिवाळीच्या सुटीत बरा होऊन येणार आहे का? एकदा मंजूर झालेली सोय पदवी मिळेपर्यंत चालू राहावी. फेरविचार करायचाच तर ती वाढवण्यासाठी करावा, आणि तो विद्यार्थ्याने मागितला म्हणून. कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण प्रसिद्ध करायचं असतं. आमच्या कॉलेजचं धोरण मी शोधलं. ते दोन पानांचं आहे आणि त्यात परीक्षा हा शब्द नाही.

ती आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, दुसऱ्या संस्थेत. शेवटच्या सत्रात आम्ही तिला संगणकावर पेपर लिहू दिला होता. स्क्रीन रीडर, हेडफोन, वेगळी खोली, आणि कूलर बंद ठेवून दोन पंखे. ती परवानगी मिळवायला मला सात पत्रं लिहावी लागली. सातव्या पत्रासोबत मी विकाश कुमार निकालातली पानं जोडली होती. वाणिज्य शाखेतल्या, माझी ओळख नसलेल्या आणखी एका विद्यार्थ्याला त्याच सत्रात नकार मिळाला, हे मला नंतर कळलं. त्याच्यासाठी पत्रं लिहिणारं कोणी नव्हतं.

हिवाळी परीक्षेचे अर्ज निघण्याआधी आमच्या परीक्षा समितीची बैठक आहे. अर्जात सध्या एक रकाना आहे: 'दिव्यांगत्वाची टक्केवारी (४० किंवा अधिक असल्यास)'. तो काढून त्या जागी 'परीक्षा देताना तुम्हाला काय अडचण येते आणि काय मिळालं तर ती दूर होईल?' असा प्रश्न आणि खाली लिहायला चार ओळींची जागा द्यावी, असा प्रस्ताव मी दिला आहे. त्याला प्रमाणपत्रावरची ती खूण आणि सोय पदवीपर्यंत चालू ठेवण्याचं कलम जोडलं आहे. समितीत नऊ जण आहेत. चौघांशी माझं बोलणं झालं आहे, पाच जणांकडे या आठवड्यात जाणार आहे.